हिरामणच्या नावाचा दगड

मु. धामणपाडा, ता. कर्जत,
जिल्हा कुलाबा.
ता. ११ जानेवारी १९२२

कैलासवासी चि. हिरामण यास,
आबाजीचा अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. मेलेल्या मामेभावाला पत्र कसं लिहायचं ते शाळेत शिकवलं नाही, तेव्हा मायना चुकला असेल तर सांभाळून घे. भात झोडून झालं. वालाला फूल चांगलं धरलंय. तुमच्या काळ्या म्हशीला रेडी झाली. मामांची तब्येत झकास आहे. लढाईत मुलगा गेलेल्या बापाची इतकी झकास तब्येत मी दुसरी पाहिली नाही. सरकारने तुझ्या मरणाबद्दल दिलेला बिल्ला ते दसऱ्याला कोटावर लावतात आणि सोनं वाटायला निघतात.

आता कामाचं. तुझा दगड आला. खालापूरच्या पाथरवटाने घडवलाय, काळा, छातीइतका उंच. बैलगाडीतून उतरवताना चौघांची कंबर मोडली. त्यावर कोरलंय की या गावचा शूर शिपाई हिरामण, आबरू राखून, दुसऱ्यांचे जीव वाचवताना लढाईत कामी आला. अक्षर सुरेख आहे. तुझं नाव इतकं मोठं काढलंय की परळच्या दुकानात कापड फाडता फाडता मान वर केलीस तर तुलासुद्धा दिसेल.

बारा फेब्रुवारीला अलिबागहून साहेब येणार आणि दगडावरचा पडदा ओढणार. त्या वेळी तुझा पराक्रम मी सांगायचा असा मामलेदारांचा हुकूम आहे. गावातून पलटणीत गेलेले आम्ही दोघेच, आणि परत आलेला मी एकटा, म्हणून. म्हणून तुला लिहितोय. तू ये. सगळ्यांसमोर दगडाशेजारी उभा राहा. तिकडे बुधाजी म्हणून राहतोस, इथे एक दिवस हिरामण म्हणून राहा.

तू येणार नाहीस हे मला लिहिता लिहिताच दिसतंय. तरी लिहितो.

तुझा दहावा कसा झाला ते तुला कुणी सांगितलं नसेल. मी तेव्हा इस्पितळात होतो, मला आईने सांगितलं. तार आली आणि गाव लोटलं, तेव्हा मामांना दिवस घालणं भाग पडलं. मामीला रडू येईना. परळला तू पोटभर जेवत असणार हे ठाऊक असताना बाईने रडावं तरी कसं? शेवटी तिने चुलीत ओली लाकडं सारली आणि धुरात बसली. नदीवर पिंड ठेवायचा अवकाश, कावळा झडप घालून घेऊन गेला. भटजी म्हणाले, पोराची काही इच्छा मागे राहिली नाही. खरंच होतं त्यांचं. जीव वाचावा एवढीच तुझी इच्छा, ती तर आधीच पुरी झाली होती.

आणि ज्याची इच्छा राहिली होती त्याला कुणी पाण्याचा थेंब सोडला नाही.

नवशा तुला आठवतो का रे? तुझ्याऐवजी गेला तो, म्हणून विचारतो. वरच्या ठाकरवाडीतला, उन्हाळ्यात माथेरानला डोली वाहायचा, एरवी तुमच्या खाचरात राबायचा. सोळा सालच्या दिवाळीत वरून हुकूम आला की प्रत्येक गावाने माणूस द्यावा. मामा गावचे पाटील, त्यांनी मामलेदारापुढे छाती काढून तुझं नाव लिहून दिलं, आणि घरी आल्यावर छाती आत गेली. त्याच आठवड्यात नवशाला जंगलखात्याच्या शिपायाने सरकारी रानात सागाची तुळई तोडताना धरलं. मामांनी त्याला ओटीवर बसवून गूळपाणी दिलं आणि समजावलं की हिरामण या नावाने एक वर्ष जाऊन ये, खटला मी मिटवतो. नवशा भोळा. त्याला वाटलं, माथेरानच्या हंगामासारखाच हा हंगाम. भरतीच्या साहेबापुढे ओळख पटवायला कुणीतरी लागतो, तोही मिळाला.

बेळगावला हजेरीत "हिरामण" पुकारलं की हा गप्प उभा. त्यापायी त्याने किती छड्या खाल्ल्या ते मी पाहिलंय. मी त्याला समजवायचो, तर म्हणायचा, "दादा, त्या नावानं हाक आली का मी मागं बघतो, कोन आला म्हून." सहा महिन्यांनी तो ओ द्यायला शिकला. तुझं नाव एवढ्या कष्टाने कुणीच वापरलं नसेल, तू तर नाहीच नाही.

त्याची पत्रं मी लिहून द्यायचो. कागदावर तो पाटलाचा मुलगा, तेव्हा पत्रं पाटलाच्याच घरी जायची. आत तो बायकोसाठी, सोमीसाठी निरोप सांगायचा. छपराची, कुडाची डागडुजी कर, मी येतो, असले. मामांनी एकही निरोप वाडीवर पोचवला नाही. उलट गावात सोडून दिलं की नवशा मुंबईला गोदीत बाई ठेवून राहिलाय.

आता त्याचा शेवट, म्हणजे दगडावरचा तुझा. बसऱ्याच्या शेकडो मैल वर, नदीपासून आत एक कोरडा कालवा होता, त्यात आमची पलटण. पुढे तीनशे पावलं उघडं माळरान आणि त्यावर आमचे जखमी पडलेले, पाणी पाणी करत. दिवस मावळेपर्यंत कुणी हलायचं नाही असा साहेबाचा हुकूम होता. नवशाने बूट काढले. बुटात त्याला ओझं कधी पेललंच नाही. पायाच्या पट्ट्या सोडून त्यांचा दोर केला आणि कालव्याबाहेर गेला. माणसाला पाठीशी बांधायचा, मोळीसारखा, आणि वाकून चालत यायचा. पळायचा नाही. डोलीवाला पळत नाही, आतल्याला हिसका बसतो. त्याने एक साताऱ्याकडचा आणला. एक रत्नागिरीकडचा आणला. एक हवालदार आणला, तो त्याला छड्या मारणाराच होता. चौथ्याला आणताना त्याच्या पोटात गोळी लागली.

घाटात डोलीवाला थकला की "खांदा" म्हणून हाक देतो. मग दुसरा येऊन दांडीखाली खांदा लावतो. तोवर मरेमरेतो ओझं खाली टाकायचं नाही, अशी त्यांची रीत. नवशाने तीनदा हाक दिली. त्या सगळ्या पलटणीत त्या शब्दाचा अर्थ कळणारा एकच माणूस होता, आणि तो उठू शकत नव्हता.

पुढचं लिहवत नाही. संध्याकाळी साहेबाने विचारलं, या शूराचं नाव काय? कुणीतरी सांगितलं, हिरामण. झालं, तू अमर झालास.

सोमी अजून वाट बघते. तिचा भाऊ दुसरा घरोबा करून देतो म्हणतो, तर म्हणते, माझा जिता हाय. बाजारच्या दिवशी बायका तिला गोदीतल्या सवतीवरून टोमणे मारतात, आणि ती लाकडं विकून गप्प घरी जाते.

उलट टपाली कळव. थंडीत माझा पाय फार ठणकतो, तेव्हा मुंबईस येणं मला जमणार नाही.

तुझा आतेभाऊ,
आबाजी


धामणपाडा,
ता. १३ फेब्रुवारी १९२२

हिरामण,

या वेळी आशीर्वाद लिहीत नाही, शिल्लक नाही.

तुझं कार्ड पोचलं. मालकांकडे लग्न आहे, सुट्टी मिळत नाही, झालं गेलं विसरून जावं, आणि कार्ड वाचून फाडावं. मी फाडलं नाही. देव्हाऱ्यात ठेवलंय. घरात नवीन जावळाचं पोर आलं की त्याला दाखवीन, की बघ बाळा, असं व्हायचं नसतं.

कालचा सोहळा ऐक. नेरळपासून गाडीरस्ता असताना मामांनी साहेबासाठी डोली मागवली, रुबाब म्हणून. डोलीला वाडीवरचे ठाकर लावले आणि पाहुण्यांच्या पाण्याला त्यांच्या बायका. सोमी त्यात होती. कळशी डोक्यावर घेऊन ती मांडवाच्या कडेला उभी होती, तिच्याच नवऱ्याच्या दगडापासून दहा हातांवर.

मला उभं केलं. मी दोन रात्री भाषण घोकलं होतं, ते तोंडात आलंच नाही. मी कालवा सांगितला, बूट सांगितले, पट्ट्यांचा दोर सांगितला. लोक हुंदके द्यायला लागले. मामांनी डोळ्यांना धोतराचा सोगा लावला, तो कोरडाच होता. मग मी म्हणालो, "ह्यो हिरामण नव्हं. हिरामण मुंबईला हाय, जिता. हा वाडीवरला नवशा."

मामा उठले आणि हात जोडून साहेबाला म्हणाले की पोरगा लढाईतून आल्यापासून डोक्याने हलका आहे. मामलेदारांनी साहेबाला इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली. काय सांगितलं देव जाणे, साहेबाने उठून माझ्याशी हात मिळवला आणि टाळ्या वाजवल्या. गावाने वाजवल्या. पडदा ओढला, हार घातला, पेढे वाटले. खरं बोलायला मी चार वर्षं घाबरलो होतो, आणि बोललो तर ते असं पेढ्याबरोबर गिळून टाकलं.

पण एका माणसाने ऐकलं होतं.

सोमी आली. तिच्या डोक्यावर भरली कळशी होती. ती आधी खाली बसली, मग कळशी उतरवली, थेंब न सांडता. नवशाने अगदी तसंच केलं होतं. कालव्याच्या काठाशी आधी तो बसला, मग गाठ सोडली, मग चौथ्याला हळू खाली सरकवला, आणि तसाच बसल्या बसल्या गेला.

तिने मला एवढंच विचारलं, "दादा, त्यानं वझं टाकलं का?"

मी म्हटलं, "नाय."

"मंग ते वझं कुटं हाय?"

हिरामण, मागच्या पत्रात मी दोनदा "कुणीतरी" लिहिलं. भरतीच्या साहेबापुढे शपथ घेऊन "हा माझा मामेभाऊ हिरामण" असं म्हणणारा कुणीतरी मी होतो. मामांनी मला पलटणीत नाईकी मिळवून देतो म्हटलं होतं, आणि मिळालीही. शूराचं नाव विचारल्यावर हिरामण सांगणाराही मीच. खोटी शपथ उघडी पडेल या भीतीने, अंगावरचं त्याचं रक्त वाळलं नव्हतं तेव्हा सांगितलं. आणि तो चौथा मी. मांडीत गोळी, त्याच्या पाठीला बांधलेला. "खांदा" म्हणून त्याने हाक दिली ती माझ्या कानाशी दिली. चार वर्षं मी तुला भेकड म्हणून शिव्या घालतोय. तू निदान लांब तरी पळालास. मी त्याच्या पाठीवर बसून पळालो.

मी सोमीला म्हटलं, "ते वझं मीच."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मला वाटलं थुंकेल. थुंकली असती तर बरं वाटलं असतं. तिने गळ्यातली काळी पोत तोडली, मणी एक एक वेचून पदराला बांधले. मग कळशी पुन्हा डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "मंग नीट चाल. येवड्या लांबनं आनलाय तुला."

आणि पाहुण्यांना पाणी वाढायला गेली.

उद्या मी कर्जतला मामलेदार कचेरीत जातोय, चालत. माझी खोटी शपथ माझ्या अक्षरात, माझ्या सहीने लिहून देणार आहे, नवशाचं नाव, वाडीचं नाव आणि तुझा परळचा पत्ता घालून. तुझं कार्डही सोबत जोडतोय. कागदावर लिहिलेलं पेढ्याबरोबर गिळता येत नाही. मला तुरुंग झाला तर होऊ दे. मामांची पाटीलकी जाईल. तुला शिपाई न्यायला येतील, तेव्हा त्यांना तुझं नाव खरं सांग, एकदा तरी. पाथरवटाला मी निरोप धाडलाय, दगड परत तासायला किती दिवस लागतील म्हणून.

नवशाने खाली न टाकलेला,
आबाजी