देवाच्या गळ्यातली दोरी

अप्पा,

महादेवाच्या नावानं सोडलेला तो वळू मला अलीकडे फार आठवतो. सिरसाळ्याच्या बाजारात, आपल्या भुसार दुकानासमोर सकाळी येऊन उभा राहायचा. पांढराशुभ्र, भरल्या खांद्याचा. त्याला वळू कुणी म्हणत नसे, देव म्हणत. दुकान उघडायच्या आधी माणसं त्याच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावायची. कुणी गुळाचा खडा द्यायचं, कुणी मूठभर डाळ. त्या वर्षांत गावात रोज काही नवं येत होतं. आपल्या शेजारी फोनचं बूथ निघालं, किराणा दुकानांतून शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या, बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेणारे वाढले. त्यांतल्याच एकानं, ट्रॅक्टर दारात आला म्हणून नवस फेडताना, देवाच्या गळ्यात घुंगरं बांधली. नायलॉनच्या दोरीत ओवलेली. वळू तेव्हा अजून वाढत होता. अंबाडीची दोरी असती तर उन्हापावसात कुजून गळून पडली असती. ही कुजली नाही. मान भरत गेली, दोरी आत जात गेली, आणि वरून हार पडत राहिले. त्यामुळं कुणाला काही दिसलं नाही. किंवा दिसलं असेल.

मला तरी आधी वास आला. मी तेव्हा बारावीत होते, कॉलेजला जाण्याआधी दुकानात झाडून घ्यायचे. तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही गूळ पुढं करून त्याच्या गळ्यातले हार जरा वर उचललेत आणि तसेच खाली सोडलेत. जखमेत अळ्या झाल्या होत्या. त्याच आठवड्यात त्यानं भाजी विकणाऱ्या एका म्हातारीला ढुशी मारली, तिचा हात मोडला. मग बाजार घाबरला. देवळात माणसं जमली. देव कोपलाय, अभिषेक करू, असं काहींचं म्हणणं पडलं. बाकीच्यांनी ट्रकमध्ये घालून लांब, ओळख नसलेल्या गावाच्या शिवारात सोडून द्यायचं सुचवलं. तुम्ही एकट्यानं त्याच्या गळ्याचं सांगितलंत. दोरी कापायची म्हणताच सगळे मागं सरले. नवसाची वस्तू, ती कशी तोडायची?

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तयार होते, पण त्यांना वळू धरून द्यायला माणसं हवी होती. तुम्ही दुकानादुकानात गेलात. रोज त्याच्या पाया पडणारा एकही माणूस आला नाही. देवावर दोर टाकायचा म्हणजे पाप, असं म्हणत होते, आणि खरं म्हणजे सगळ्यांना त्याच्या शिंगांची भीती होती. ती भीती खोटी नव्हती हे मी आज म्हणू शकते. घरी आई तुमच्यावर चिडली.

"तुमालाच काहून पडलंय? सगळा बाजार हाय की."

तुम्ही नुसते जेवत राहिलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार सुस्तावलेला आहे. मी तराजूमागं उभी आहे, हात तराजूच्या दांडीवर. तुम्ही पोत्याची शिवण उसवायची सुरी घेऊन पायरी उतरता. डॉक्टर औषधाची पेटी घेऊन फोनच्या बूथपाशी थांबलेत. आणि मागच्या दारानं आई येते, डोक्यावरचा पदर घट्ट खोवून, हातात पेंड-भुशाच्या आंबोणाचं घमेलं. ती तुमच्याकडं बघत नाही. वळूसमोर घमेलं धरून उभी राहते. तो हुंगतो, मान खाली घालतो, खाऊ लागतो. तुम्ही मानेवरची दोरी बोटांनी चाचपता, सुरी घालता. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी आहेत, पुढं कुणी येत नाही. दोरी तुटते. आता ती जखमेतून ओढून काढायची. तुम्ही ओढता आणि वळू डोकं फेकतो.

तुम्ही पायरीवर पडलात तो आवाज माझ्या कानांत अजून आहे. घमेलं लांब उडालं. आई मात्र जागची हलली नाही. ती त्याला 'हो, हो, राजा' म्हणत राहिली आणि तो थरथरत तिथंच उभा राहिला. डॉक्टरांनी जखम धुतली. दोरी तुमच्या मुठीत होती, ती सोडवून घ्यावी लागली.

परळीच्या डॉक्टरांनी बरगडी मोडल्याचं सांगितलं. ताप आला. त्या दिवसांत मी तुमच्या खाटेजवळ अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून तुमचा श्वास ऐकत बसायचे. नवस फेडणारा तो ट्रॅक्टरवाला घरी येऊन गेला, देवाच्या गळ्याला सुरी लावलीत म्हणून बरंच बोलला. श्रावणात देवळाच्या दिव्यांचं तेल आपल्या दुकानातून जायचं, ते त्या वर्षापासून बंद झालं. वळूची जखम दिवाळीपर्यंत भरली आणि लोक पुन्हा त्याच्या पाठीला हात लावू लागले, जसं काही झालंच नव्हतं. तुम्ही खाटेवर असतानाच एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, भीती नव्हती का वाटली.

"लई वाटली," तुम्ही म्हणालात. मग कुशीवर वळता येईना म्हणून छताकडं बघत बोललात, "पण त्याच्या पाया पडायला कुणी भीत न्हाई, बाई. त्याच्या गळ्याकडं बघायलाच भितेत. माणसाचंबी असंच हाय का, ह्याची मला जास्त भीती वाटती."

आता मी बीडला राहते. रस्त्यात बसलेल्या गाईंना वळसा घालून भाजी आणते. गाईसाठी पहिली पोळी बाजूला काढते आणि ती फाटकावर ठेवून आत येते, गाईकडं नीट न बघता. माझी लेक तशी नाही. ती स्कूटी थांबवते. गाडीनं उडवलेलं कुत्रं, पाय मोडलेलं वासरू, काहीही असो. लोक शिव्या देतात, मागून हॉर्न वाजवतात, एकदा एका ट्रकवाल्यानं तिच्या अंगावर गाडी घातली होती. आज दुपारी यायची ती अजून आली नाही. बायपासवर एक गाय पडलीय, एवढाच तिचा फोन आला. त्यानंतर फोन लागत नाही. मी खिडकीशी बसून हे लिहितेय, कान रस्त्याकडं.

भिंतीवरच्या तुमच्या फोटोत आजोबा एका अंगावर झुकून का बसलेत, असं ती लहानपणापासून विचारत आलीय. मी दर वेळी सांगते की दुकानात अंगावर पोतं पडलं होतं. खरं कळलं तर ती तुमच्यावर जाईल, असं वाटायचं. ती केव्हाच तुमच्यावर गेलीय, हे मला कळतं, अप्पा. तरी ती आली की हे कागद मी कपाटात ठेवणार आहे, आणि पुन्हा पोत्याचंच सांगणार आहे.