चौथ्या पिंजऱ्यातला नर

दिल्ली, शनिवार, १४ नोव्हेंबर १९८७

प्रिय हेमाताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. मी मजेत. इथे थंडी सुरू झाली, शेंगदाणेवाले कोपऱ्याकोपऱ्यावर बसलेत. आणि नोकरी टिकलीय, चक्क सात महिने.

भाऊजींनी शब्द टाकून मिळवून दिलेली ही संशोधन संस्थेतली नोकरी म्हणजे काडीकिडे सांभाळणं. हुबेहूब वाळकी काडी, पण चालते. चौथ्या पिंजऱ्यात नुसत्या माद्या. त्या नराशिवायच अंडी घालतात, त्यातून पुन्हा माद्याच. बारा वर्षं हेच. इतक्या पिढ्यांनी नर समोर आला तर त्यांना काही उमगतं का, हे आमच्या प्रमुख विजयालक्ष्मी मॅडम जानेवारीत तपासणार. तोवर तिथे नर सोडायला सक्त मनाई.

परवा मी सोडला.

शेजारच्या पिंजऱ्यात तेच किडे, दुसऱ्या डोंगरावरचे, नर-माद्या दोन्ही. त्यातला एक नर उचलून चौथ्यात टाकला, गंमत म्हणून. तो एका मादीच्या पाठीवर चढला, मिशांनी तिला थोपटत राहिला. ती पान खातच होती. मग त्याला झटकून दुसऱ्या फांदीवर गेली. दुसरीनेही तेच केलं. मी खूप हसलो. पुढे हसू येईना. तेवढ्यात सरोजिनी नगरच्या बाजारात स्वस्त स्वेटर आल्याचं कळलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या शशिकांतला म्हटलं, पिंजरे तपासल्याची रजिस्टरमध्ये माझ्याऐवजी तूच सही कर यार. आणि निघालो. नर आतच.

काल तो मॅडमना दिसला. रजिस्टरमध्ये सही शशिकांतची. मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, आता यातलं एकही अंडं नराशिवायचं आहे, असं मला लिहिता येणार नाही. माद्यांनी त्याला हुंगलंही नाही, हे मी सांगू शकतो. पण मी पाहिलं अर्धाच तास.

आज अकराला शशिकांतला बोलावलंय. बहुतेक काढतील. काल जिन्यात तो मला एवढंच म्हणाला, "तूच टाकलास ना? मी नाव घेणार नाही. तूच सांग."

ताई, सकाळी मी पिशवी भरली. नाशिक सोडलं, भोपाळ सोडलं, तसंच. स्टेशनच्या बसमध्ये बसलोही. कोपर्निकस मार्गावर उतरलो आणि उलटी बस पकडली. आता संस्थेच्या पायरीवर बसून लिहितोय. अकराला दहा कमी आहेत. भाऊजींना दुसऱ्याकडून कळण्याआधी तू सांग.

नेहमीचं 'तुझा लाडका' आज लिहीत नाही. आत जाऊन शशिकांतच्या सहीखाली जे नाव लिहायचंय, तेच पूर्ण लिहितो.

विलास दत्तात्रय सोहोनी