एकोणीस मार्कांचा पेपर

लातूर,
मंगळवार, ८ जुलै २०२५

दोस्त महेबूब,

तुला सलाम, अमीरबी भाभींना नमस्कार, आणि हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या अलीझाला आशीर्वाद. तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं महिनाभर वाचायचं बंद केलं, हे मला आपल्या शाळेच्या सुदर्शन शिपायानं सांगितलं. म्हणजे वाचणारी तुझी लेकच असणार. पत्र चार पानांचं आहे, कोपऱ्यात आकडे घातलेत. भाभींना आधी पानं मोजायला सांग. हसू नको, मास्तरची खोड आहे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मला लई सफाईनं बोलता येतं, म्हणून नाही केला.

इकडं सगळं बरं आहे. रिटायर होऊन सव्वा वर्ष झालं. आमच्या पोराचं, दयानंदचं घर हॉस्टेलांच्या गल्लीत आहे. सकाळी सहालाच पोरींचे थवे निघतात, पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली, तोंडात ब्रेडचा तुकडा. मी खिडकीत बसून बघत राहतो. पंचफुला परवा भडकली, "ह्या वयात खिडकीत बसून पोरी बघता, शेजारीपाजारी काय म्हणतील?" आता हिला काय सांगू! तिचा गुडघा दुखतोय, त्यामुळं जिभेला जास्त जोर आलाय.

भाभींना एक सांगायचंय. दोन ईदा झाल्या, मी आलो नाही. चाळीस वर्षांत कधी चुकलो नव्हतो. पहिल्या ईदला तू शीरखुर्म्याचा डबा घरी पाठवलास. पंचफुलाला म्हणालो, मला शुगर निघालीय, तू खा. शुगर मला आजही नाही. डबा अजून आमच्याकडंच आहे. रिकामा कसा परत करायचा म्हणून राहिला, असं मी पंचफुलाला सांगत असतो.

तर झालं असं. परवाच्या नाही, त्याआधीच्या रविवारी मी भाजी घेत होतो आणि मागून एक पोरगी आली ती थेट पायाच पडली. भुजंगची पुनम. उमरीची, आपल्या अलीझाच्याच वर्गातली. चांगली उंच झालीय. नर्सिंगला लागली. हॉस्टेलचं, जेवणाचं कौतुक सांगत होती. मग म्हणाली, "सर, अलीझाला निरोप द्या. मला गणित तिनंच शिकिवलं, अन् मीच हितं आले. ती कशी काय राहिली सर?"

मी म्हणालो, बघू, सांगतो. अर्धा किलो वांगी पुनमच्याच पिशवीत टाकली आणि घरी आलो. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही.

महेबूब, ती कशी राहिली ते मला ठाऊक आहे.

तुला आठवत असेल, अलीझाच्या अकरावीच्या वर्षी शाळेला शासनाचं अनुदान लागलं. खेड्यापाड्यातल्या पोरांनी कॉलेजात जाऊन मागं पडू नये म्हणून. प्रयोगशाळा, पुस्तकं, जादा तास, फॉर्म कसे भरायचे, कुठल्या शिक्षणाला काय लागतं, हे सगळं शिकवायचं. योजना चांगली होती, मी आजही म्हणतो. शाळेत त्याचा प्रमुख मी होतो. तुझ्या घड्याळाच्या दुकानात येऊन तुला पत्रक वाचून दाखवलं होतं. त्यात होतं, तालुक्यातून निवडक मुलींना लातूरला ठेवून शिकवणार, राहणं-खाणं फुकट, बारावीनंतरच्या प्रवेशापर्यंत जबाबदारी शासनाची. तू डोळ्याचं भिंग काढून म्हणालास, "वैजू, सरकारच्या यादीत नाव आलं, तर मी पोरीला बिनघोर पाठवीन. न्हाई आलं तर उमरीच्या बाहेर पाठवायची माझी छाती न्हाई." तू शब्दाचा पक्का. मी ओळखतो तुला.

अनुदान दुसऱ्या वर्षी चालू राहायला एक अट होती. ऑगस्टमध्ये एक चाचणी, फेब्रुवारीत दुसरी, आणि मधल्या काळात पोरं किती सुधारली ते दाखवायचं. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता कुणीतरी म्हणालं, पहिली चाचणी जरा पडतीच राहू द्या, म्हणजे दुसरीला उडी मोठी दिसंल. सगळे हसले. मी पण हसलो. आणि मग खरंच तसं केलं.

अलीझा, बेटा, इथं तू थांबशील. थांबू नको. पान उलटून चौथ्यावर जाऊ नको. महेबूब, पानं मोजायला लावली ती याच्यासाठी. ही पोरगी माझ्यावर पडदा टाकायला तिसरं पान गिळून टाकील. भाभी, लक्ष ठेवा.

वर्गातली बारा हुशार पोरं मी प्रयोगशाळेत बोलावली. सांगितलं, शंभर प्रश्नांचा पेपर आहे, वीसच्या वर जायचं नाही. बाकीच्या पोरांना काहीच सांगितलं नाही, ती तशीही फार वर जाणार नव्हती. बाराजणांत अलीझाच तेवढी उठून उभी राहिली. "सर, येतंय ते पण सोडून द्यायचं?" मी म्हणालो, शाळेसाठी एवढं करायचं. आणि बाहेर कुठं बोलायचं नाही, घरी पण नाही. तिनं मान डोलावली. तिला वाटलं, सर सांगतात म्हणजे बरोबरच असणार.

जानेवारीत वरून हुकूम आला की लातूरला पाठवायच्या मुली पहिल्या चाचणीच्या मार्कांवर निवडायच्या. तीच खरी चाचणी, असं त्यांचं म्हणणं. त्यांना काय ठाऊक! पुनमला बावन्न होते, तिचं नाव आलं. तिचं काही चुकलं नाही, तिनं येत होतं तेवढं लिहिलं. अलीझाला एकोणीस. बाकीच्या अकराजणांचं काही बिघडलं नाही, कुणी नांदेडला क्लास लावला, कुणी लातूरला, घरून पाठवणारे होते. वाट अडली ती एकटीची.

तू मार्कांची चिठ्ठी घेऊन शाळेत आलास, तो दिवस तुला आठवतो का? मला रोज आठवतो. दुकान उघडं टाकून आला होतास. "वैजू, एकोणीस? माझ्या पोरीला? हे खरं हाय का?" ती दाराशी उभी होती. माझ्याकडं बघत होती. नुसतं बघत होती रे. मी तेव्हा तोंड उघडलं असतं, तर फार तर अनुदान गेलं असतं, शाळेची अब्रू गेली असती, माझी गेली असती. मी म्हणालो, "आकडा शासनाचा हाय महेबूब, आपण काय करणार?" तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढं म्हणालो, "पोरीला दडपण सोसत न्हाई. उगाच पुढं ढकलून तिचे हाल करू नको."

तुझ्या दुकानात उधारी सोडली तर बाकी सगळ्याला लोक माझ्या नावावर विश्वास ठेवतात, असं तू थट्टेनं म्हणायचास. तू पण ठेवलास. अकरावी झाल्यावर तिचं नाव काढलंस आणि दुकानात बसवलंस.

आता जे सांगतो ते तुला कुणीच सांगितलेलं नाही. फेब्रुवारीच्या चाचणीत तिला एक्क्याण्णव मिळाले. शाळेत पहिली. तोवर यादी लागून गेली होती. तरीही ती पेपर लिहायला आली आणि सगळा पेपर सोडवून गेली. एकोणीसवरून एक्क्याण्णव. त्या उडीवर शाळेला दुसऱ्या वर्षाचं अनुदान मिळालं आणि मला नांदेडला शाल, नारळ आणि उत्कृष्ट समन्वयकाचं प्रमाणपत्र मिळालं. एक्क्याण्णवचा आकडा मी तुला कळू दिला नाही. कळला असता तर तू विचारलं असतंस, सहा महिन्यांत ही जादू झाली कशी? दोस्त, मी ती शाल एकदाही अंगावर घेतलेली नाही, पण त्यानं काय होतंय.

गेल्या गुरुवारी मी उमरीला येऊन गेलो. तुझ्या दुकानासमोरून मान खाली घालून गेलो. ती भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडून बसली होती, तुझ्यासारखीच जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून. मला हाक मारायची हिंमत झाली नाही. शाळेत जाऊन जुन्या गठ्ठ्यातून तिचा ऑगस्टचा पेपर काढला, मुख्याध्यापकांना विचारून झेरॉक्स केली. ती सोबत जोडलीय. डोळ्याची पट्टी निघाली की तू स्वतः बघ. ढ पोराच्या पेपरात खाडाखोड असते, चुकलेलं असतं, अंदाजानं ठोकलेलं असतं. हिच्या पेपरात पहिले एकोणीस प्रश्न सोडवलेत आणि एकोणीसच्या एकोणीस बरोबर. विसाव्यापासून कोरं. मी वीस सांगितले होते, ती एक पाऊल अलीकडंच थांबली. तू यंत्राचा माणूस, तुला दिसंल, हे बिघडलेलं नाही, हे कुणीतरी हातानं बंद केलंय.

तिथून नांदेडला जाऊन शिक्षण कार्यालयात सगळं लेखी दिलं. माझ्या एकट्याच्या नावानं. तिथला क्लार्क म्हणाला, "गुरुजी, सुखानं पेन्शन खायची सोडून हे कशाला उकरून राहिले?" दयानंद पण घरात बोलत नाही माझ्याशी. बोलंल हळूहळू.

लातूरची ती जागा आता परत मिळत नाही, ते मी विचारून आलो. पण ती अकरावी पास आहे. शाळेत बारावीला नाव घालता येतं, ३१ जुलैपर्यंत. फॉर्म या पाकिटात आहे. तिची सही तिनं करायची, पालकाची तू. माझ्यावर तू थुंकलास तरी मी काही बोलणार नाही, पण माझ्यावरचा राग त्या फॉर्मवर काढू नको. दीड वर्ष माझ्या शब्दावर चाललास, हे तेवीस दिवस तिच्या शब्दावर चाल.

तू तिला विचारशील, "का गं, बोलली का न्हाईस?" ती सांगणार नाही. तिनं मला शब्द दिला होता. तुझ्यासमोर ढ ठरली, घरात बसली, पण शब्द मोडला नाही. तिला मी काय शिकवलं असेल ते असो, हे मी शिकवलेलं नव्हतं. हे तुमच्या घरचं आहे.

अलीझा, बेटा, तो शब्द मी आज परत घेतो. तू मोकळी आहेस. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. आता एकच काम कर. पुढची ओळ मी तुझ्यासाठी लिहिलीय. अब्बांकडं तोंड करून ती मोठ्यानं वाच.

"अब्बा, मला सगळं येत होतं."

तुमचा,
पण आता तुम्ही म्हणाल तरच,
वैजनाथ