क्लीटस हॅस्केटचे हरलेले एकशे एक्कावन्न सामने

हो, डोकं ठिकाणावर आहे, तसंच लिही एमेट. वकील झालास म्हणून काय झालं, तुझं नाक पुसलंय मी. बोलते तसंच टाइप कर.

मी, आर्व्हिला हॅस्केट, क्लीटस हॅस्केटची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण गावच्या शाळेत आठवीपर्यंत, कुणाच्याही दबावाशिवाय हे सांगतेय. दबाव टाकणारा उरलाय कोण? आधीचं मृत्युपत्र रद्द.

शिवणयंत्र आणि गोधड्या नणंद व्हर्नाला. लग्नात माझी गोधडी पाहून तिनं विचारलं होतं, ही घोड्यावर घालायची का? आता तिनं खुशाल घोडा शोधावा.

क्लीटसचा बेसबॉलचा हातमोजा मुलाला, वेन्डेलला. त्याला अधूनमधून तेल लावायचं. मोज्याला, वेन्डेलला नाही.

घरही वेन्डेललाच, पण एका अटीवर. मी गेले की आम्हा दोघांच्या थडग्यावर एकच दगड बसवायचा आणि क्लीटसच्या नावाखाली कोरायचं: जिंकले शहाण्णव, हरले एकशे एक्कावन्न. वेन्डेलला फक्त जिंकलेले हवेत. मागच्या रविवारी कणीस खाता खाता म्हणाला, "आई, मेलेल्या माणसाची लाज तरी झाक. त्या हरण्यानंच बाबांना दारूत घातलं."

मी म्हटलं, "तू कणीस खा."

लाज कसली? रोली टारबॉक्स त्याच संघाचा दुसरा पिचर, क्लीटससारखाच चेंडू फेकणारा, त्याच बारा मोसमांतला. त्यानं जिंकले एकशे अठ्ठेचाळीस, हरले सत्त्याण्णव. पण दोघांच्या चेंडूवर सामन्यामागे धावा निघायच्या जवळपास सारख्याच. पैलवान संघ आला की मॅनेजर क्लीटसला उभा करायचा, लंगडा आला की रोलीला. आणि क्लीटस फेकायला लागला की आपले फलंदाज जणू दुपारची झोप काढायचे.

रीत अशी होती की एका मोसमात एकोणीस हरलेल्या पिचरला उरलेल्या सामन्यांत बसवायचं. विसावी हार कुणालाच नावावर नको असते. एका वर्षी रोली एकोणीसवर आला आणि लगेच त्याचा खांदा दुखायला लागला. पुढच्या वर्षी क्लीटस एकोणीसवर आला. मॅनेजर म्हणाला, "तू घरी जा क्लीट, खांदा दुखतोय म्हणून मी सांगतो."

क्लीटस म्हणाला, "खांदा ठणठणीत आहे. चेंडू द्या."

हरले एक-शून्यानं. ती एक धावही दुसऱ्याच्या हातून सुटलेल्या चेंडूवर, पण हार लागते ती पिचरच्याच नावाला. पेपरवाल्यांनी त्याचं हसं केलं. वेन्डेल तेव्हा नऊ वर्षांचा होता, शाळेत मार खाऊन आला. तेच त्याच्या मनात सलतंय, मला कळतं. तरी दोन्ही आकडे कोरायचेच.

नाही कोरले, तर घर रोली टारबॉक्सला द्यावं. तो अजून जिवंत आहे. माझ्या ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपले एकशे अठ्ठेचाळीस सांगेल. वेन्डेलला ते सोसायचं नाही, म्हणूनच लिहितेय.

अंमलबजावणी एमेटनं करावी, आणि मला फुलं आणू नयेत. शिंका येतात.

ठिकाण: बेल्स क्रॉसिंग, ओहायो. ९ ऑक्टोबर १९८४.

सही: आर्व्हिला हॅस्केट

साक्षीदार, आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
गस लिंडाल, न्हावी
नॉर्मा पिल्चर, शेजारीण

साक्षीदार गेले ना? एमेट म्हणतो, सहीखालचं कायदा धरत नाही. मग इथंच लिही, वेन्डेल वाचेल.

जिंकलं की सगळे तुझ्या बाबांना खांद्यावर घेऊन गुत्त्यात न्यायचे. दोन-दोन दिवस तो दिसायचा नाही, आणि घरी यायचा तेव्हा त्याला मी कोण हेही कळायचं नाही. हरलेल्याला दारू कोण पाजतो? हरला की तो सरळ घरी यायचा, हात धुवून माझ्यासमोर जेवायला बसायचा. त्या शहाण्णवांनी मारलं त्याला. मी दर सामन्याला देवाकडे मागायचे, आज हा हरू दे.