शेवटच्या नऊ फेऱ्या

३ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

शाल काल पोचली. पार्सलवर दादाचं अक्षर, आतल्या चिठ्ठीवर तुझं, आणि आईचं कुठेच नाही. फोन केला असता, पण तुमचा फोन आईच्या खुर्चीशेजारी, आणि तिच्यासमोर तू नुसती हं हं करतेस. म्हणून हे पत्र.

घरात मला फौजदारीण म्हणतात हे मला ठाऊक आहे. काय करू? कारखान्यात दिवसभर तयार कपडे उलटे करून शिवणी तपासते, घरी आल्यावर डोळे काढून खुंटीला टांगता येत नाहीत. शाल उलटी केलीच. मधून सुरू झालेल्या फेऱ्या आईच्या, त्याबद्दल वाद नाही. सुईचं टोक शिरणार नाही इतकी घट्ट वीण. बाहेरच्या नऊ फेऱ्या मात्र सैल, क्रोशाचा एक खांब उंच तर शेजारचा बुटका, आणि शेवटी चक्क गाठ! आईने जन्मात गाठ मारलेली नाही. लोकरीचं टोक ती तीनदा फिरवून विणीतच जिरवते.

आणि तू लिहितेस, 'आईंनी पूर्ण केली.' दर रविवारी दोन पानं लिहिणारी आई ऑगस्टपासून एक ओळ लिहीत नाही. विचारलं की म्हणते, चष्मा बदलायचाय. सहा महिने कोण चष्मा बदलतं? वहिनी, मला धास्ती एकच आहे. आईला काहीतरी झालंय आणि तुम्ही दोघं ते माझ्यापासून लपवताय. तसं असेल तर आडवळणं नकोत, सरळ सांग.

पोरांना पापा. राग आला तरी उत्तर धाड, एवढा लोभ शिल्लक ठेव.

तुझी नणंद

---

९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

राग नाही आला. तुम्ही शाल उलटी करणार हे मी ह्यांना पार्सल बांधतानाच सांगितलं होतं.

गाठ माझी. ह्यांना पोस्ट बंद व्हायच्या आत पोचायचं होतं, दारात उभे राहून घड्याळ बघत होते, तेव्हा टोक जिरवत कोण बसणार? तेवढी गाठ सोडली तर शालीत माझा एकही टाका नाही. मुलांची शपथ घेऊन सांगते.

आई जेवतात, पेपर वाचतात, माझ्या भाजीत मीठ कमी पडलं की शेजारच्यांना ऐकू जाईल असं सांगतात. तुमची धास्ती मला कळते. पण काही गोष्टी सांगायचा अधिकार माझा नसतो, वन्सं. शाल पांघरा आणि थोडे दिवस धीर धरा.

थंडी सांभाळा, आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी

---

१५ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सांगायचा अधिकार नाही म्हणतेस, म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहेच. माझ्या डोक्यात भुंगा सोडून वर धीर धरा म्हणायचं, ही बरी तऱ्हा.

रविवारी खिडकीशी भिंग घेऊन बसले. आतले सगळे खांब एका बाजूला कलतात, बाहेरच्या नऊ फेऱ्यांतले दुसऱ्या बाजूला. फेरी उलट्या दिशेने विणली की असं होतं, आणि उलटी फेरी डावरी माणसंच विणतात. आपल्या घरात डावरं माणूस एकच आहे. तेही आत्ता पोरांच्या शपथा घेऊन बसलंय.

मग मी तुझी गाठ कापली आणि टोक ओढलं. नऊच्या नऊ फेऱ्या उसवल्या. अर्धा तास लागला. आईच्या घट्ट विणीशी येऊन थांबले, लोकरीचा गोळा केला. उरलेली शाल मी विणीन. तुझी मेहनत फुकट गेली याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण आईच्या नावावर खपवलेलं काम मला अंगावर नको.

आता तरी सांग, आईने ही शाल का सोडली?

लोभाचं या खेपेला तूच ठरव.

तुझी नणंद

---

२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आता सगळं लिहिते.

ऑगस्टमध्ये आईंचा उजवा हात गेला. सकाळी चहाचा कप उचलायला गेल्या आणि कप खाली. डॉक्टर म्हणाले, झटका लहान होता, बोलणं-चालणं वाचलं, हाताचं सांगता येत नाही. दवाखान्यातच आईंनी आम्हाला शपथ घातली की तुम्हाला कळवायचं नाही. तुमचं नोकरीत कायम व्हायचं चाललं होतं. ती सगळं टाकून धावत येईल, म्हणाल्या.

माझं लग्न झालं तेव्हा मी त्यांच्याकडे क्रोशा शिकायला बसले होते. डाव्या हाताला मला शिकवता येणार नाही, म्हणाल्या. मग मी शेजारी न बसता समोर बसले आणि आरशात बघावं तसं त्यांच्या हातांकडे बघून शिकले. सप्टेंबरात आई खुर्ची ओढून माझ्या समोर बसल्या. म्हणाल्या, आता तू शिकव. पहिल्या फेरीला पाच आठवडे लागले. उजव्या हाताची बोटं शाल कशीबशी दाबून धरायची, आणि डावा हात सुई चालवायचा. मी मदतीला बोट पुढे केलं की फटका बसायचा. नववी फेरी संपली त्या दिवशी त्यांनी मला ह्यांना ऑफिसात फोन करून ते सांगायला लावलं.

तुमचं पत्र मी लपवणार होते. पण माझा चेहरा बघून त्यांनी हात पुढे केला. वाचलं, घडी घातली, दुपारी जेवल्या नाहीत. मला तुमचा इतका संताप आला की पुन्हा कधी पत्र लिहू नये असं वाटलं. मग आठवलं, तुम्ही पहिल्याच पत्रात सरळ विचारलं होतंत आणि मीच आडवळणं घेतली. तेवढी चूक माझी.

संध्याकाळी आईंनी पेन्सिल मागितली. सोबतचा कागद त्यांचा आहे. माझ्यावरचा राग निवळला असेल तर लवकर या, आणि नसेल तरी या.

तुमची वहिनी

---

चि. फौजदारीण,
अनेक आशीर्वाद.

रडू नको. लोकर टाकली नाहीस ना? पोस्टाने नको, गोळा घेऊन तू ये. नऊ फेऱ्या परत मीच घालणार. तू समोर बसून बघायचं.

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. वहिनीने लिहिलंय असा संशय आला तर हेही उसवून बघ.

आई