गोजाबाईंची गोगलगाय

२९ जुलै १९५६
सापडली! चाकणजवळच्या डोंगरातल्या लेण्यात, महादेवाच्या पिंडीमागं, बॅटरीशिवाय काही दिसत नाही तिथं! तांदळाएवढी गोगलगाय, पांढराशुभ्र शंख. एकदोन नाही — भिंतभर! मी एवढी किंचाळले की गुरव सोपानराव घंटा सोडून धावत आले. “काय चावलं का, बाई?” चावलं हो, चावलं!

२ ऑगस्ट
कॉलेजात सर भिंगातून बघतच राहिले. “अशी नोंद नाही. पण वर्षभर टिकतात का बघ, मग कलकत्त्याच्या प्राणी सर्वेक्षण खात्याला कळवू.” जिन्यावरून उड्या मारत उतरले. एम.एस्सी. झालेल्या बाईला शोभत नाही. नसो शोभत!

१४ ऑक्टोबर
नाव ठरलं — सोपानरावांच्या मंडळींचं! दर खेपेला पिठलं-भाकरी खाऊ घालतात. गोजाबाई हसून बेजार. “किड्याला माजं नाव? भावकीत त्वांड कसं दावू?”

३ जानेवारी १९५७
झोपल्यात सगळ्या. छताच्या फटींत चिकटून, तोंडाला पापुद्र्याचं दार लावून. शेजारच्या लेण्यात मात्र एकही नाही. तोच काळा कातळ, तोच अंधार. असं का?

११ फेब्रुवारी
अरे देवा! सोपानराव चुन्याची बादली घेऊन उभे! शिवरात्रीआधी दरसाल जुने पोपडे खरवडून नवा चुना द्यायचा — पणजोबापासूनची रीत. खरवडून तर झालंही होतं. आता चुना फासला की माझ्या गोगलगायी भाजून मरणार! अक्षरशः पाया पडले. ते बादली खाली ठेवीनात. गोजाबाईच म्हणाल्या, “झोपल्याली लेकरं हायेत. एक साल ऱ्हाऊ द्या की!” जिंकले! सायकलवर मोठ्यांदा गात घरी.

७ जुलै
पंधरा दिवस झाले पाऊस लागून. लेण्यात फक्त अकरा. एक चिमटीत धरली तर शंख पापडासारखा चुरला. पिल्लू एकही नाही. रडले. रात्री गोजाबाईंकडेच राहिले.

८ जुलै
सकाळी गोजाबाईंची हाक — “बाई, तुमची लेकरं हितं जेवत्यात!” लेण्याबाहेर, फेब्रुवारीत खरवडून टाकलेल्या पोपड्यांच्या ढिगावर. शेकडो! उजेडाची पर्वा न करता चुना खात होत्या. पिल्लंसुद्धा! काळ्या कातळात शंखाला चुना मिळणार कुठून? शेजारच्या लेण्याला कुणी चुना देत नाही, म्हणून तिथं एकही नाही! चार पिढ्या गुरव यांना जेवू घालत होते, आणि मी शहाणी त्यांना ताटावरून उठवून बसले!
ढीग पाटीपाटीनं आत नेऊन ठेवला. सोपानरावांना सांगितलं, शिवरात्रीला बादली मी धरणार.