एकही पत्रा फुटू दिला नाही

१० नोव्हेंबर, सोमवार

वानरं! मेली वानरं! आज पुन्हा गॅरेजवर टोळी उतरली. या टोकावरून त्या टोकाला उड्या. मागच्या बाजूचा सिमेंटचा पत्रा फुटला अन् तुकडे धडाधड खाली. विकास जीपखाली निजून काम करत होता म्हणून वाचला. बाहेर निघाला तर केस पांढरेफेक. वर हसतो! "रूपाली, पाह्य, म्हातारा झाला तुया नवरा!"

मीही हसले. काय करणार.

निकिताला तर पर्वणीच. पत्र्याचा एक चपटा तुकडा उचलला, झाली लंगडीची ठिकरी. फरशीवर चौकोनही त्यानेच आखते. रेघ ओढायची, फुंकर मारून भुकटी उडवायची, पुन्हा ओढायची. खडू आणा म्हणून मागे लागायची पोरगी, तो खर्च वाचला म्हणायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार



धीरजचा व्हिडिओ कॉल आला. माझा मामेभाऊ. जुने कारखाने पाडणाऱ्या कंपनीत आहे, तिकडे शहरात. भाऊबीजेला आला नाही म्हणून मी त्याला झापत होते, मागे निकिता खेळत होती. एकदम म्हणाला, "तिच्या हातात काय हाय व?"

"ठिकरी."

"कायची?"

"गॅरेजच्या पत्र्याची. काहून?"

"आधी ते घे तिच्या हातातून. मंग बोल."

आमच्याकडे सगळे त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात. सिमेंट म्हटलं की कोण घाबरतं? पण आत ॲस्बेस्टॉस असतं म्हणे. बारीक तंतू, डोळ्याला न दिसणारे. श्वासातून छातीत गेले की तिथेच ठाण मांडतात. त्रास लगेच नाही, वीस-तीस वर्षांनी. फुप्फुसं आखडतात, कॅन्सरसुद्धा होतो. धीरज म्हणाला, "पत्रा अखंड असला, त्याले छेडलं नाही, तं तो चूप राह्यते. फुटला, घासला, कापला का धूळ निघते. धूळ वाईट. अन् तुयी पोट्टी फुंकर मारून राह्यली!"

तुकडा ओला करून पिशवीत बांधला. फरशी ओल्या फडक्याने पुसली. निकिता रडून रडून निजली. रडू दे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना विषय काढला. छत उतरवायचं.

मामाजी, म्हणजे माझे सासरे बापूराव, ताटावरून उठायचेच बाकी राहिले. हे गॅरेज त्यांनी उभं केलं, शेलूबाजारात रस्त्यावर पहिलं. पत्रेही स्वतः चढवलेले. "तीस वर्सं त्याच्याखाली बसलो. काय झालं मले? हां? काय झालं?"

"मामाजी, तुमाले नाही झालं तं चांगलंच हाय. निकितावर कायले आजमावायचं?"

विकास म्हणाला, "बदलू न. जानरावले बलावतो, दोन घन मारले का संध्याकाळपर्यंत साफ."

घन! डोकंच फिरलं माझं. "हातोडा लागला त्या पत्र्यायले तं मी पोरीले घिऊन रिठदले चालली!"

माहेरी जायची धमकी लग्नानंतर पहिल्यांदाच दिली. काय लागू पडली! विकासने पुन्हा घनाचं नाव काढलं नाही. मामाजींनी तर भाजी पुन्हा वाढून घेतली.

१६ नोव्हेंबर, रविवार

रिठदहून करणचा फोन, माझा धाकटा भाऊ. त्याची बायको संस्कृती बाळाला घेऊन पुढच्या महिन्यात तिच्या माहेराहून येणार. त्याआधी तिला वेगळी खोली बांधतो आहे. भिंती झाल्या. "छताचं पाह्यतो ताई, कुठं जमते तं." मी म्हटलं, जमव बाबा, माझ्या डोक्यात सध्या माझंच छत आहे. फोन मामाजींनी ओढून घेतला अन् बाळाची चौकशी करत बसले. ठेवल्यावर म्हणाले, "तुया बापानं आमाले मागून कधी काही घेतलं नाही. अन् आमी कधी देल्लं नाही." मग बराच वेळ सुपारीच कातरत होते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

धीरजने सगळं पढवलं. एक: सुकं हलवायचं नाही, भिजवायचं. दुसरं: ठोकायचं नाही, बोल्ट उलगडायचे. तिसरं: पत्र्यावर पाय द्यायचा नाही, पत्रा मोडून माणूस सरळ खाली येतो. उतरला की जाड प्लास्टिकात बंद. त्याच्या ओळखीची घातक कचरा नेणारी गाडी आहे, ती येऊन नेईल. मास्क त्याने कुरियरने पाठवले, नाकावर घट्ट बसणारे. रुमाल चालत नाही म्हणे.

बाकीचं सगळं घरातच निघालं! सोयाबीन निघालं, फवारणीचा पंप रिकामाच. प्लास्टिक शेजारच्या नानाजींकडून आणलं, त्यांच्या शेततळ्याचं उरलेलं अस्तर. बैलाने पाय दिला तरी फाटत नाही असं. अन् पान्हे तर मेकॅनिकच्या घरात चमच्यांपेक्षा जास्त.

२३ नोव्हेंबर, रविवार

जिंकले! जिंकले! जिंकले!

सकाळी निकिताला शेजारी धाडलं. गॅरेजमधल्या गाड्या बाहेर काढल्या, खाली प्लास्टिक अंथरलं. विकास अन् त्याच्या हाताखालचा जानराव रेनकोट चढवून, मास्क लावून उभे. पंप माझ्या पाठीवर. पाण्यात थोडी कपड्यांची पावडर टाकली, म्हणजे पाणी पत्र्यात मुरतं. नोझल बारीक. आधी वरून भिजवलं शिडीवरून, मग खालून. गावातले निम्मे लोक पाहायला. "सांगा न व, कोनती कीड पडली पत्र्यावर?" सांगितलं, माणसाच्या बुद्धीवर पडलेली, मागे व्हा!

मामाजी रस्त्यापलीकडे खुर्ची टाकून बसले होते. "आंघोळ चालू हाय काय पत्र्यायची? हयद बी लावा!"

हळदही लावीन, म्हटलं.

ट्रॅक्टरची ट्रॉली आत घेतली, तिच्यावर शिडीची घोडी, घोडीवर विकास. बोल्ट गंजून दगड झालेले. तेल सोडलं, वाट पाहिली, पान्हा लावला. पहिला सुटला! दुसरा सुटला! एक मात्र काही केल्या फिरेना. माझा नवरा मेकॅनिक, त्याचा हात आपोआप हातोडीकडे गेला. मी ओरडत नाही बसले. पंपाची दांडी फिरवली अन् सरळ तोंडावर फवारा! जानराव हसता हसता घोडीला धरून उभा राहिला. विकास मास्कमधून काय बोलला ते बरं झालं ऐकू आलं नाही. मग गपचूप लोखंड कापायच्या ब्लेडने तो बोल्ट कापला, पत्र्याला न लावता, मी पाणी मारत असताना.

एकेक पत्रा दोघांनी धरून असा खाली घेतला, निजलेलं लेकरू उचलतात तसा. वानरांनी फोडलेले होते ते वेगळे भिजवून गाठोड्यात बांधले. बाकीचे सगळे अख्खे. एकही फुटू दिला नाही मी! एकही! थप्पी लावली, प्लास्टिक गुंडाळलं, कडा चिकटपट्टीने बंद. वर लाल रंगाने मोठ्या अक्षरात लिहिलं: हात लावू नका.

झाडू कोणाला घेऊ दिला नाही. सगळं ओल्या फडक्याने, अन् फडकीही पिशवीत. रेनकोट तिथेच धुतले.

अंग मोडून आलं आहे. पण वर पाहिलं तर आभाळ! स्वच्छ, निळं. आपण केलं हे. मी केलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जानराव थप्पीभोवती घुटमळत होता. "वहिनी, फेकताच हाय तं मले द्या न. बकऱ्यायच्या खोपडीले होतीन."

"नाही."

"चार तरी?"

"अर्धा बी नाही, जानरावभाऊ. ज्याले देईन त्याच्या घरात धूळ जाईन."

आमच्याकडे जुनी वस्तू मागितली अन् नाही म्हटलं की माणूस रुसतो. जानरावही रुसला. मला वाटलं, आता मामाजी माझ्यावर उखडणार. ते बाजेवरून सगळं ऐकत होते. तर म्हणाले काय, "बराबर केलं सूनबाई. जानरावले कायले देतं? ज्याचा हक्क हाय त्यालेच जाऊ दे."

माझे कान मला खरे वाटेनात. मामाजी माझ्या बाजूने!

२६ नोव्हेंबर, बुधवार

पलटले, मामाजी पूर्ण पलटले! थप्पीजवळ कुत्रं गेलं तर काठी घेऊन धावले. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, "माया सुनेनं काहाडले. एक कोपरा गेला नाही, पाह्य." मी म्हटलं ना, माणूस हळूहळू समजतो. धीरजला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, गाडी लवकरच येईल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर मी अन् विकास मंगरूळपीरला. नवे टिनाचे पत्रे पाहिले, ठरवले, दर्ग्याजवळ चहा घेतला. लग्नानंतर असे दोघेच कधी फिरलो होतो काय आठवत नाही.

परत आलो तर गॅरेजमागची जागा रिकामी! थप्पी नाही, गाठोडं नाही. मामाजी दारातच उभे, नवं धोतर, तोंडात पान.

"लावले मार्गी तुये पत्रे!"

"गाडी आली होती?"

"आली, भरले, गेली. मी सोता उभं राहून भरले. एकही फुटू देल्ला नाही, तुयासारखा."

पायाच पडले त्यांच्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

३० नोव्हेंबर, रविवार

टिन चढलं. लख्ख. गॅरेजमध्ये एवढा उजेड की विकास म्हणतो, आता चुका झाकायच्या कुठे!

फरशी पुन्हा पुसून घेतली. निकिताला खऱ्या खडूंची डबी दिली, ठिकरीला कवेलूचा, म्हणजे कौलाचा तुकडा. तिने गॅरेजपासून दारापर्यंत चौकोन आखले, अन् मी लुगडं खोचून तिच्याबरोबर लंगडी खेळले. मामाजी पंच. नातीला जिंकवण्यासाठी सरळ खोटं बोलतात!

वानरं आली होती. टिनावर उडी मारली, स्वतःच्याच आवाजाला भिऊन पळाली. आज सगळंच जिंकलो.

१ डिसेंबर, सोमवार

विकास जीप काढतो आहे, तेवढ्यात लिहिते. नाही लिहिलं तर ओरडेन.

गाडीवाल्याचा फोन आला. "ताई, शेलूबाजारात कुठं याचं? ते पत्रे न्यायले."

मामाजींना विचारलं, तुम्ही मार्गी लावले म्हणजे कुठे? ते हसले. "कुठं म्हणजे? रिठदले! करणच्या खोलीले. ते फुटक्यायचं गाठोडं बी देल्लं, भरावाले. मले काय समजत नाही काय सूनबाई? फेकाच्या वस्तूले कोनी इतकं जपते? धुतलं, गुंडाळलं, जानरावले चार देल्ले नाही. मी म्हटलं, पोरगी लाजून राह्यली, माहेरासाठी मागाले. बिमारीचा बहाना करून राह्यली."

करण फोन उचलत नाही. बाबा उचलत नाहीत. फक्त करणचा फोटो आला आहे: भिंतीवर बसला आहे, हातात कटर मशीन, खाली बाबा पत्रा धरून. करणचे केस पांढरेफेक. "ताई, पाह्य, म्हातारा झालो मी! थोडे लांब पडले, कापून राह्यलो."

फोटो मामाजींना दाखवला. त्यांनी पाहिला. अंगणात गेले.

पंप भरून, पाठीवर बांधून ते जीपमध्ये माझ्याआधी बसले आहेत.